सशांना आवतण

ता. २८ ऑगस्ट ९९, शनिवार. मंठा

अकरावीला आज ससा. फळ्यावर आतडं काढलं, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी ती थोराड थैली. दरवर्षीचंच बोलणं. ससा गवत खातो हे अर्धं खरं. गवताचे धागे फोडायची ताकद त्याच्या स्वतःच्या पोटात नाही. थैलीत कोट्यवधी जंतू राहतात, ते गवत आंबवतात, त्यातून जी आम्लं सुटतात त्यांच्यावर ससा जगतो. मऊ लेंडी तो परत खातो म्हटल्यावर वर्ग तास संपेपर्यंत खिदळत राहिला. खिदळा म्हटलं. परीक्षेत हमखास येतं.

घरी आले तर आबा ओट्यावर, पिंजऱ्यासमोर. कोसल्याला रागे भरणं चाललेलं, मोरीच्या वाटचं गवत का ओढतोस म्हणून. सहाच्या सहा सशांना बैलांची नावं दिलीत. मोरी मादी आहे हे दहादा सांगितलं, तर म्हणाले, गायीचं नाव आहे ते, चालतं.

मागच्या दिवाळीत हाच माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. गुडघे गेले, शेत बटईनं दिलं, बैलजोडी विकली आणि वि.ने वडिलांना गावाहून इथं आणलं. सासूबाई गेल्या तेव्हाही इतके गप्प नव्हते. जानेवारीत वि.ला काय सुचलं कोण जाणे, वडीगोद्रीच्या जावेदभाईकडून टोपलीत सहा पिल्लं घेऊन आला. जावेदभाईचं हायवेला टायरचं दुकान, मागच्या पत्र्यात ससे पाळतो. मी कटकट केली होती. आठ दिवसांत आबा पहाटे उठून गवत आणायला जायला लागले. मग कटकट बंद.

ता. ५ सप्टें., रवि.

वि. काल रात्री आला. एमआयडीसीत त्याच्या कंपनीत बियाण्यांचा सीझन, प्लँट रात्रंदिवस. डोळे लाल.

आबांनी त्याला बाजारातून गोंडे, रंग आणि बारकी घुंगरं आणायला सांगितली. पोळा गुरुवारी आहे. वि. म्हणाला, गावी घेऊन जातो, चुलत्यांचे बैल ओवाळा. त्यावर आबा:

"दुसऱ्याच्या बैलाला म्या कामून ओवाळू? मला काय न्हाईत का?"

आणि पिंजऱ्याकडे बोट. आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन पदर आणि रुमाल तोंडात कोंबून हसलो. मग वि. हसता हसता थांबला. घरात बैल नसलेला आबांच्या आयुष्यातला हा पहिलाच पोळा. ते आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ता. ८, बुध.

आज खांदमळणी. बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावतात तशी एका बोटानं सहा मानांना लावली. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या सहा झुली शिवल्यात, हातरुमालाएवढ्या. सुई मी ओवून दिली, टाके त्यांचेच.

दिवेलागणीला पिंजऱ्यापुढं हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." शेजारच्या कांताबाई भिंतीवरून बघत होत्या. म्हणाल्या, आबा, मलाबी आहे का आवतण? आबा हसले. हसताना खालचा तुटका दात दिसतो हे मी विसरूनच गेले होते.

ता. ९, गुरु. पोळा

वि. रजा काढून आला. दिवसभर पुरण. गल्लीतली सगळी पोरं ओट्यावर. ससे झूल घालून, कपाळाला कुंकू, गळ्यात घुंगरू. हौश्यानं झूल कुरतडली. वि.ने फोटो काढले, रोल संपवला. मी ओवाळलं. पोरांना आवरता येईना. मग मी भजी तळायला आत आले.

आबा ताट घेऊन बाहेर गेले, रिकामं घेऊन आले. मला वाटलं पोरांना वाटलं. ताट घासून पालथं घातलं.

छान दिवस गेला. असं क्वचित लिहिते म्हणून लिहून ठेवते.

ता. १०, शुक्र.

सकाळी कुणीच गवताला तोंड लावलं नाही. हौश्या अंग फुगवून कोपऱ्यात. पोट हाताला टिमकीसारखं लागतं. विचारलं, काल काय खाल्लं यांनी? आबा म्हणाले, पोळ्याला बैल जे खातो ते.

एकेकाला आख्खी पोळी. वर गुळवणी. आवडीनं खाल्ली म्हणाले, बोटं चाटली.

मला समजलं, तिथंच. आबांना सांगितलं नाही. कॉलेजला दांडी. टोपलीत घालून तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टर तरुण आहेत, खरं बोलणारे. बैल, शेळी, कोंबडी विचारा म्हणाले, सशाचं वाचलं तेवढंच. पोट चोळा, पाणी पाजा. मी जंतूंवरचं औषध मागितलं, त्यांनी नाही म्हटलं. थैलीत जे चांगले उरले असतील तेही मरतील.

संध्याकाळी हौश्या गेला.

ता. ११, शनि.

पहाटे कोसल्या आणि त्याच्या शेजारचा पांढरा. जुलाब, पाण्यासारखे. आबांनी झुली सोडल्या, धुतल्या, दोरीवर घातल्या. मागं शेवग्याखाली खड्डा वि.ने करायला घेतला. सशाला केवढा खड्डा लागतो? आबांनी त्याच्या हातून कुदळ घेतली आणि गुडघ्यांचं काही न बघता खणत राहिले. 

ता. १२, रवि.

लिहू नये असं वाटतं. लिहिते.

चौथा गेला. आबांनी ठरवलं की कुणीतरी विष घातलं. मग कुणी, तर कांताबाईंनी. वास येतो म्हणून त्या मागं कधीतरी कुरकुरल्या होत्या तेवढ्यावरून. काठी घेऊन त्यांच्या दारात. गल्ली जमली. कांताबाई बिचाऱ्या ओल्या हातानं बाहेर, काय झालं तेच कळेना त्यांना. आबा म्हणत होते, आवतणाच्या दिवशी हसलीस तू, नजर लावलीस, उंदराचं औषध टाकलंस. वि. धरायला गेला, त्यालाही ढकललं. कांताबाई रडायला लागल्या.

माझ्या जिभेला हाड नाही. भर गल्लीत म्हणाले:

"पुरणानं मेले, आबा. तुम्ही घातलेल्या पुरणानं."

काठी खाली आली. माझ्याकडे वळले. नंतर एकच विचारलं, "बराबर म्हाईत आहे तुला?" मी हो म्हटलं. शिकवते मी ते.

कांताबाईंपुढं हात जोडून आबा घरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. खरं होतं, सांगायला हवं होतं, बाईवर आळ आला होता. सगळं कबूल. पण हळू सांगता आलं असतं, घरात, आज नाही तर उद्या...

ता. १३, सोम. गणेश चतुर्थी

गणपती बसवला. आरतीला आबा उठले नाहीत. पाचवा सकाळी गेला. आता एकटी मोरी. ती जगतेय कारण तिनं अर्धी पोळी टाकून दिली होती म्हणे. हे आबांनीच सांगितलं, भिंतीशी बोलल्यासारखं.

पान वाढून नेलं. नको. दूध नेलं. नको. वि. चिडला, मग गयावया केली.

"म्या आवतण दिल्तं त्यायला," आबा म्हणाले. "जेवाया बोलावलं अन् मारलं. मोरी खाईन तवा म्या खाईन."

हट्ट नाही वाटला तो. ठरल्यासारखं बोलले. 

ता. १५, बुध.

वि.ला जावं लागलं, प्लँट थांबत नाही. घरी मी, आबा, मोरी. 

मोरी दात खाते, म्हणजे पोटात दुखतं. ससा उपाशी राहिला की थैली थांबते, थैली थांबली की भूक मरते, आणि मग खातच नाही. वाळलं गवत मिक्सरला बारीक करून, पाण्यात कालवून, सुई काढलेल्या सिरिंजनं तिच्या गालात सोडते. निम्मं बाहेर. आबांना सिरिंज कुठं लावू? चहा दोन वेळा घेतात, तोही बिनसाखरेचा.

कांताबाई फाटकाशी ओंजळभर हरळी ठेवून गेल्या.  दगडाखाली ठेवली होती, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

ता. १७, शुक्र.

सकाळी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, तिथून पळत घरी. आज महालक्ष्म्या जेवायच्या. मुखवटे बसवलेत पण पुरण शिजवताना हात चालेना. नैवेद्यापुरतं केलं आणि ताटावर ताट झाकलं. आबांनी बघितलं नाही, पण वास कुठं झाकणार?

आंबिलीचं ज्वारीचं पीठ कालच भिजवलं होतं. ते ढवळत होते तर आतून आवाज. चार दिवसांनी स्वतःहून पहिलं वाक्य. "तुझी सासू आंबिलीचं मडकं कधी सगळं धूत न्हवती. बुडाला थोडं ठिवायची."

मी पातेलं घेऊन त्यांच्या उशाशी बसले. म्हटलं, आबा, मोरीच्या पोटात असंच मडकं असतं. गवत जातं, तिथं आंबतं, त्यावर ती जगते. आंबवणारे जीव बुडाला बसलेले असतात. गवत त्यांचं खाणं. गूळ, साखर, पीठ एकदम आलं की दुसरेच जीव माजतात, वायू करतात, विष करतात.

वर्गात पंधरा वर्षं सांगतेय. इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं.

आबा म्हणाले, म्हणजे घरचे उपाशी मेले अन् चोर पोसले. मी हो म्हटलं. मग बैलाला कसं चालतं? म्हटलं, बैलाचं मडकं पुढं असतं, मोठं असतं, आणि त्यालाही जास्त झालं की पोट फुगतंच की. "फुगतं," ते म्हणाले. "एक साली तांबड्याचं फुगल्तं. म्या गोडं त्याल पाजून उठवला." मग पातेल्याकडं बघत: "मंग हिचं विरजण कुठं भेटन?"

विरजण. हा शब्द मला सुचायला हवा होता. कोणत्यातरी पुस्तकात वाचलं होतं, धडधाकट सशाची मऊ लेंडी आजाऱ्याला देतात. म्हटलं, दुसऱ्या सशाच्या पोटात भेटेल. आबा उठून बसले. वि.ला फोन लाव म्हणाले, जावेदकडं जायला सांग. जल्दी.

एसटीडीवरून लावला. आबा उठून बसले एवढंच मी त्याला तीनदा सांगितलं.

ता. १९, रवि.

वि. बसनं वडीगोद्रीला जाऊन आला. टोपलीत करडी मादी, जाडजूड, जावेदभाईची सगळ्यात निरोगी. उसनी दिलीय, पंधरा दिवसांत परत हवी, तिची वीण धरायचीय. त्यांनी वि.ला झापलं म्हणे, खरगोश को मीठा कौन देता है, घास दो, सिर्फ घास. सोबत नवा मोठा पिंजराही घेऊन आला वि. बैल गेला आणि झोपा केला. बोलले नाही त्याला. एक वाक्य गिळायला शिकतेय.

ता. २१, मंगळ.

ससा मऊ लेंडी थेट तोंडानं घेतो, खाली पडूच देत नाही. म्हणून करडीच्या गळ्यात पुठ्ठ्याची गोल कॉलर. उजाडताना आबा मांडीवर गोधडी घालून बसले, मला हात लावू दिला नाही. द्राक्षाच्या बारक्या घोसासारखी लेंडी, चकाकती, आंबूस वास. कोमट पाण्यात कालवून मोरीला सिरिंजनं दिली. माझ्या कॉलेजातल्या बायका हे बघतील तर माझ्या हातचा चहा सोडतील.

आबांचे हात थरथरतात. चेहरा नुसता हाडांचा झालाय. आज चहाबरोबर एक घास खा म्हटलं. नाही. तिनं अजून खाल्लं नाही.

ता. २४, शुक्र.

मोरीनं हरळीची एक काडी ओढली. आपणहून. आबांनी मला हाक मारली ती अशी की मी साबणाच्या हातानं धावले. तीन काड्या खाल्ल्या. मग आबांनी वरणभाताचे तीन घास खाल्ले, बरोबर तीन, चौथा ताटात ठेवला. मी भांडले नाही. आत येऊन रडले, पाण्याचा नळ सोडून.

ता. २५, शनि.

काल तीन घास पोटात गेले आणि आज उलटी. इतक्या दिवसांची सवय मोडलेली. आमचे डॉक्टर, माणसांचे, म्हणाले सलाईन लावू. लावलं. आबा विचारत राहिले, मोरीला कोण बघतंय?

विरजण फक्त तिलाच लागतं असं मी धरून चालले होते.

ता. २९, बुध.

घरी आणलंय. उठता येत नाही, ओट्यापर्यंतसुद्धा नाही. पिंजरा त्यांच्या खोलीत आणते म्हटलं तर नको म्हणाले, तिला वारा लागतो. मोरी थोडं खाते, थोड्या लेंड्या टाकते, बारक्या, वाकड्यातिकड्या. ती जेवढं खाते तेवढं आबा खातात. मी मध्ये निरोप्या. चार काड्या, चार घास. करडीची कॉलर आता मी बांधते, तिनं मनगट ओरबाडलं.

पितृपंधरवडा सुरू झालाय. सासूबाईंची तिथी पुढच्या आठवड्यात. तिला पुरण लागायचं, आबा म्हणाले. मग म्हणाले, करू नको.

ता. ३ ऑक्टो., रवि.

वि. करडी परत द्यायला निघाला होता. मी म्हटलं, दोन दिवस थांब. तो म्हणाला, शोभा, सशापायी किती दिवस? आणि लगेच मान खाली घातली. सशापायी नाही हे त्यालाही कळतं. शब्द दिलाय म्हणून घेऊन गेला.

आबांना संध्याकाळी ताप. डॉक्टर म्हणतात, अंगात काही उरलं नाही, खायला लागलं तरच. औषध कितीही देता येईल, पण पोटात काहीतरी पडायला हवं.

ता. ५, मंगळ.

मोरी परत थांबली. कालपासून काही नाही. अंग फुगवून, कान मागे. सिरिंजनं दिलं ते गालातून तसंच बाहेर. विरजण आणायला आता करडी नाही. फोन केला, जावेदभाईच्या दुकानातला मुलगा म्हणाला, भाई गावाला गेलेत, परवा येतील.

परवा. मी हिशोब केला नाही. हिशोब येत नाही असं नाही.

ता. ६, बुध.

सकाळी गवत ताजं घातलं. कॉलेजला गेले नाही. अकरा वाजता बघितलं, काडी हललेली नव्हती. मऊ भाकरी केली, दुधात कुस्करायला. ताट घेऊन आत गेले.

आबा जागे होते. आवाज अगदी खाली गेलाय, कान जवळ न्यावा लागतो. "मोरीनं खाल्लं?"

मला भर गल्लीत खरं बोलायला एक क्षण लागला नव्हता.

"खाल्लं," मी म्हटलं.

"किती?"

"मूठभर."

डोळे माझ्यावर ठेवून बघत राहिले. "बराबर बघितलंस?" मी हो म्हटलं. मग हात गोधडीबाहेर काढला, ताटातली भाकरी मोडली, मुठीत मावेल एवढा तुकडा, आणि दुधात बुडवून तोंडात घातला. बराच वेळ चावत होते. गिळला. अजून एक घ्या म्हटलं तर मान हलवली. तिनं मूठभरच खाल्लंय ना.

झोपले आता. तासाभरापूर्वी कांताबाई येऊन पायाशी बसून गेल्या.

मी ओट्यावर गेले, पिंजऱ्यातलं गवत काढायला. मूठभर काढायचं, आबांनी दिवसातून कधी दारापर्यंत धरून न्यायला सांगितलं तर गवत जसंच्या तसं दिसायला नको. काढलं, पदरात घेतलं. मोरीनं डोळे उघडले नाहीत, पण पोट हलतंय. जाळीखाली चार लेंड्या होत्या. कालच्या की आजच्या, सांगता येईना. बोटानं दाबून बघितल्या. दोन कोरड्या होत्या. दोन जरा ओल्या वाटल्या, किंवा माझाच हात ओला होता.